अपडेट मारला आणि लाईन आली

"रात्री झोपताना फोन ठणठणीत होता. सकाळी उठून बघतो तर ही रेघ!" आमच्या शेजारच्या काकांनी फोन काउंटरवर ठेवला, तो आजारी माणसाला दवाखान्याच्या बाकावर बसवावं इतक्या हलक्या हाताने. कल्याण स्टेशनजवळच्या गल्लीतलं हे मोबाईल दुरुस्तीचं दुकान जेमतेम सहा फूट रुंद. पडद्याच्या उजव्या अंगाला वरपासून खालपर्यंत केसाएवढी बारीक हिरवी रेघ चमकत होती.

"काका, अपडेट मारला होता का?" इम्रानने मान वर न करता विचारलं. त्याच्या हातात हीट गन होती आणि समोर भलत्याच कुणाचा फोन उघडून पडला होता.

"कालच! तेच तर म्हणतोय मी. दोन वर्षं झाली, वॉरंटी संपली, की पाठवायचा अपडेट. म्हणजे माणूस नवा फोन घेतो."

इम्रानने हीट गन बाजूला ठेवली. काकांच्या फोनवर एक स्क्रीनशॉट घेतला, तो स्वतःच्या फोनवर पाठवला आणि काकांसमोर धरला. चित्रात सगळं होतं. घड्याळ होतं, नातवाचा फोटो होता, बॅटरीचा आकडा होता. रेघ तेवढी नव्हती. मग त्याने काकांचा फोन बंद करून पुन्हा चालू केला. कंपनीचा लोगो उगवला, तेव्हाही रेघ जागच्या जागी होती.

"सॉफ्टवेअरमध्ये असती तर स्क्रीनशॉटमध्ये आली असती ना? लाईन फोल्डरमध्ये आहे." फोल्डर म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले यांचा एकत्र जोड. हा या धंद्यातला शब्द. "फोल्डर बदलावा लागेल."

काका ऐकणारे नव्हते. "मग कालच कशी आली?"

इम्रानने खांदे उडवले आणि लांबट वहीत नोंद केली. तारीख, मॉडेल, आणि तक्रारीच्या रकान्यात तीन शब्द: 'अपडेट नंतर लाईन'.

काकांचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. मग कालच कशी आली?

मराठीत या प्रश्नाला तयार उत्तर आहे: कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. फोन कंपन्यांना ही म्हण ठाऊक नसली तरी तिच्यातला युक्तिवाद त्यांना फार आवडतो. अपडेटनंतर काही बिघडलं म्हणून तक्रार करा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं: रिस्टार्ट करून बघा, फॅक्टरी रीसेट करून बघा, सर्व्हिस सेंटरला दाखवा. म्हणजे थोडक्यात, फांदीच कुजकी होती.

पण गेल्या दहा-बारा वर्षांतली प्रकरणं काढून पाहिली तर कावळा दर वेळी निर्दोष सुटलेला नाही.

रात्री दोन वाजता फोनमध्ये काय होतं

अपडेट हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यामागे किती मोठी उलथापालथ असते हे लक्षात येत नाही. चालत्या घराचा पाया बदलण्यासारखं हे काम. जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये तर त्यासाठी घर रिकामं करावं लागे. फोन बंद व्हायचा, पडद्यावर रोबो यायचा आणि आपण वीस मिनिटं हातावर हात ठेवून बसायचो. २०१६ साली आलेल्या अँड्रॉइड ७ पासून वेगळी सोय झाली. फोनच्या साठवणीत व्यवस्थेसाठी दोन खोल्या ठेवायच्या, एका खोलीत आपण राहायचं आणि तेवढ्यात दुसरी रंगवून घ्यायची. रंग वाळला की फोन रिस्टार्ट करून दुसऱ्या खोलीत जायचं. तिथे गडबड निघाली तर गुपचूप जुन्या खोलीत परत यायचं. ही सोय असलेला फोन अपडेट फसल्यामुळे सहसा पूर्ण मरत नाही.

दुसरी खबरदारी वाटपातली. नवा अपडेट सगळ्यांना एकदम देत नाहीत. आधी कंपनीतल्या लोकांच्या फोनवर, मग हौसेने चाचणी करणाऱ्यांच्या, मग शंभरातल्या एखाद-दोन ग्राहकांच्या, आणि सगळं सुरळीत दिसलं तर हळूहळू बाकीच्यांच्या. तुमच्या भावाच्या फोनवर आलेला अपडेट तुमच्या त्याच मॉडेलवर आठवड्याने येतो तो यामुळे. ही पायरी गाळली की काय होतं, ते १९ जुलै २०२४ला साऱ्या जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल एकाच वेळी सगळीकडे गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

अपडेट बिनचूक बसला तरी दुसऱ्या दिवशी फोन जरा आजारल्यासारखा वागतो. नव्या व्यवस्थेशी जुळवून घेण्यासाठी ॲप्सची पुन्हा मांडणी करावी लागते. गॅलरीतल्या हजारो फोटोंची आणि फाइलींची नवी सूची बनते. हे सगळं मागच्या मागे चालू असतं. प्रोसेसर राबतो, फोन गरम होतो, बॅटरी दुपारीच निम्म्यावर येते. हे दुखणं बहुधा दोन-तीन दिवसांत आपोआप निवतं. अपडेटच्या दुसऱ्याच दिवशी येणाऱ्या 'बॅटरी टिकत नाही' या तक्रारींतल्या पुष्कळशा या जातीच्या असतात. चौथ्या-पाचव्या दिवशीही तीच तक्रार असेल तर मात्र ती ऐकून घ्यायला हवी.

जेव्हा फांदी खरंच मोडली

सप्टेंबर २०१४. आयफोन ६ बाजारात येऊन आठवडाही झाला नव्हता. २४ तारखेला ॲपलने आयओएस ८.०.१ नावाचा छोटासा अपडेट सोडला. आरोग्याची माहिती ठेवणाऱ्या ॲप्समधला एक दोष काढायचा होता. ज्यांनी तो उत्साहाने टाकला त्यांच्या नव्याकोऱ्या आयफोन ६ आणि ६ प्लसवरून मोबाईलचं नेटवर्कच गेलं. बोटाच्या ठशाने फोन उघडणंही बंद झालं. एवढा महागडा फोन, आणि त्यावरून फोन लावता येत नव्हता! तासाभरातच ॲपलने तो अपडेट मागे घेतला, दुसऱ्या दिवशी ८.०.२ आणला आणि माफी मागितली. ४०,००० पेक्षा कमी फोनना त्रास झाला, असं कंपनीने सांगितलं.

इथे कारण शोधावं लागलं नाही. सगळ्यांचं एकच दुखणं, एकाच अपडेटनंतर, एकाच तासात. सदोष अपडेटची हीच खूण. दोष अपडेटमध्ये असतो तेव्हा तक्रारी एकमेकींसारख्या दिसतात, कारण सगळ्यांच्या फोनमध्ये तेच औषध गेलेलं असतं. दोष योगायोगाचा असला की तक्रारी विखुरतात. कुणाचा कॅमेरा बिघडतो, कुणाचं चार्जिंग, कुणाचा स्पीकर.

आपल्याकडचं असंच ठळक प्रकरण शाओमीच्या मी ए३ या फोनचं. ऑगस्ट २०१९ मध्ये तो भारतात आला तो गूगलच्या 'अँड्रॉइड वन' योजनेतला फोन म्हणून, म्हणजे वेळेवर अपडेट मिळणार हाच त्याचा मोठा गुण. २०२० सरता सरता त्याला अँड्रॉइड ११ मिळालं आणि नव्या वर्षाच्या पहाटे अनेकांच्या हातात नुसती काळी काच राहिली. बटणं दाबा, चार्जर लावा, फोन उठेचना. दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत 'डेड'. कंपनीने अपडेट थांबवला आणि फोन वॉरंटीत असो वा नसो, सर्व्हिस सेंटरमध्ये विनामूल्य ठीक करून देऊ, असं जाहीर केलं. 'वॉरंटीत असो वा नसो' हे शब्द महत्त्वाचे. दोष आमच्या हातून झाला याची ती कबुली होती. ती मिळाली कारण एकाच मॉडेलचे लोक एकाच वेळी ओरडले.

ज्या संशयाला लोक हसायचे

या सगळ्यात शिकण्यासारखं सर्वांत जास्त आहे ते आयफोनच्या बॅटरीच्या प्रकरणात, कारण तिथे कावळा आणि फांदी दोघंही दोषी निघाले.

नवा आयफोन आला की जुना हळू होतो, ही कुजबुज फार जुनी. हार्वर्ड विद्यापीठात अर्थशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या लॉरा ट्रुको हिने लोक गूगलवर 'आयफोन स्लो' असं केव्हा शोधतात ते तपासलं. प्रत्येक नव्या आयफोनच्या आगमनाला या शोधाचा आलेख टोकदार वर जात होता. सॅमसंग गॅलक्सीच्या बाबतीत तसे सुळके नव्हते. अर्थशास्त्रज्ञ सेंधिल मुल्लैनाथन यांनी जुलै २०१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधल्या लेखात हा आलेख मांडला आणि लगेच सावधही केलं. नव्या आयफोनबरोबर नवी आयओएस येते आणि ती जुन्या फोनवर एकदम लाखो लोक टाकतात. नव्या फोनसाठी रचलेली व्यवस्था जुन्याला जड जाणारच. अँड्रॉइडचे अपडेट वेगवेगळ्या फोनवर वेगवेगळ्या वेळी पोचतात, म्हणून तिथे सुळके दिसत नाहीत. आलेखावरून लोकांना काय वाटतंय ते कळतं, कंपनीच्या मनात काय आहे ते नाही. विचारी माणसांनी यावर मान डोलावली आणि मुद्दाम हळू करण्याची गोष्ट गावगप्पांत जमा झाली.

मग २०१६च्या शेवटी आयफोन ६एस अचानक बंद पडू लागले. बॅटरी ३० टक्के दाखवतेय आणि फोन खटकन काळा. याचं कारण रसायनात आहे. लिथियम-आयन बॅटरी म्हातारी होते तेव्हा तिच्यात मावणारी वीज तर घटतेच, शिवाय तिचा अंतर्गत रोधही वाढतो. गच्चीवरच्या टाकीचं उदाहरण घ्या. टाकीत पाणी आहे, पण पाइपात क्षार साचलेत. एकच नळ सोडला तर धार बरी येते. स्वयंपाकघर, न्हाणीघर, वॉशिंग मशीन सगळे नळ एकदम सोडले की धार तुटते. कॅमेरा उघडला, खेळ सुरू केला की प्रोसेसर क्षणभर एकदम जास्त वीज मागतो. म्हातारी बॅटरी ती देऊ शकत नाही, विद्युतदाब कोसळतो आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो.

यावर ॲपलने जानेवारी २०१७ मध्ये आयओएस १०.२.१ आणली. तिने केलं ते इतकंच, बॅटरी थकलेली असेल तर प्रोसेसरच्या मागणीला लगाम घालायचा. सगळे नळ एकदम उघडूच द्यायचे नाहीत. अचानक बंद पडणं खूप कमी झालं. अभियांत्रिकी म्हणून उपाय चोख होता. चूक एवढीच, की फोन हळू होणार आहे हे मालकाला कुणी नीट सांगितलं नाही.

वर्षभर कुणाला पत्ता नव्हता. डिसेंबर २०१७ मध्ये एका वापरकर्त्याने आपल्या ६एसची बॅटरी बदलली आणि फोन अचानक पूर्वीसारखा पळू लागला. त्याने बदलण्याआधीचे आणि नंतरचे वेगाचे आकडे लोकांसमोर ठेवले. फोनचा वेग मोजणारं गीकबेंच हे ॲप बनवणाऱ्या प्रायमेट लॅब्सच्या जॉन पूल यांच्याकडे अशा चाचण्यांची मोठी रास होती. त्यांनी तिचे आलेख काढले. धडधाकट फोनचे आकडे एका शिखराभोवती जमायला हवेत. आयओएस १०.२.१ नंतर मात्र खालच्या वेगांवर नवी छोटी शिखरं उगवलेली दिसली. नुसत्या म्हातारपणाने अशा ठरावीक पायऱ्या पडत नाहीत. कुणीतरी त्या बांधलेल्या असतात.

दोन दिवसांत ॲपलने मान्य केलं. २८ डिसेंबरला जाहीर माफी आली. वॉरंटीबाहेरची बॅटरी बदलण्याची किंमत अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ वर आणि भारतात सुमारे ६,५०० रुपयांवरून २,००० वर आली. मार्च २०१८ मध्ये आयओएस ११.३ बरोबर 'बॅटरी हेल्थ' हा नवा कप्पा सेटिंगमध्ये दिसू लागला. आज आयफोनधारक सहज '८४ टक्के हेल्थ आहे' म्हणतो, जुना फोन विकताना तो आकडा आधी विचारला जातो, तो या भांडणातून मिळाला. इटलीच्या स्पर्धा नियामकाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ॲपलला १ कोटी युरो दंड केला. त्याच निकालात सॅमसंगलाही ५० लाख युरोंचा दंड झाला, गॅलक्सी नोट ४च्या मालकांना नव्या फोनसाठी बनलेला जड अपडेट घ्यायला लावला म्हणून. फ्रान्सने २०२० मध्ये ॲपलला २.५ कोटी युरोंचा दंड ठोठावला. अमेरिकेत ॲपलने सामुदायिक दाव्यात ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली.

आता हिशेब मांडून बघा. लोक म्हणत होते, 'अपडेटमुळे फोन हळू झाला.' ते बरोबर होतं. 'नवा फोन विकायला हे केलं' असंही लोक म्हणत होते. कंपनीचं म्हणणं, फोन बंद पडू नये म्हणून केलं, आणि अभियांत्रिकी तिच्या बाजूने होती. म्हणजे ग्राहकाचं निरीक्षण खरं होतं, निष्कर्ष पूर्ण सिद्ध झाला नाही. आणि निष्कर्ष कच्चा आहे म्हणून निरीक्षणही खोटं ठरवलं गेलं, त्यात एक वर्ष गेलं.

अपडेटलाच तारीख असते

निष्कर्ष का चुकतो, याचं कारण आपल्या आठवणीच्या घडणीत आहे. फोन रोज थोडाथोडा म्हातारा होतो. बॅटरी दर महिन्याला जराशी झिजते, साठवण भरत जाते, चार्जिंगच्या भोकात खिशातला धागा अडकतो. यातल्या कशाचीही घंटा वाजत नाही. अपडेट मात्र वाजतगाजत येतो. पडद्यावर सूचना, मग रिस्टार्ट, मग नवं रूप. फोनच्या आयुष्यात तारीख लक्षात राहील अशी हीच एक घटना, म्हणून सगळ्या दुखण्यांची पिशवी आपण या एकाच खुंटीला अडकवतो.

त्यात नवं रूप म्हणजे आगीत तेल. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतातल्या असंख्य अँड्रॉइड फोनवर कॉल येण्याचा पडदा एका रात्रीत पालटला. गूगलच्या फोन ॲपची नवी रचना लागू झाली होती. काहीही बिघडलं नव्हतं. पण ज्या हालचालीने आई-आजोबा वर्षानुवर्षं फोन उचलत होते ती बदलली आणि घरोघरी एकच वाक्य ऐकू आलं: "मी तर काहीच केलं नाही!" फोन हॅक झाला की काय, इथपर्यंत शंका गेल्या. लोक चिडले ते नव्या बटणावर तितके नाही, जितके न विचारता बदलण्यावर. आपल्या घरातलं कपाट कुणी रात्रीतून हलवलं, तर ते नव्या जागी कितीही शोभत असो, सकाळी पहिला प्रश्न 'आत कोण आलं होतं?' हाच असतो.

कधीकधी तर ते हलवणं भल्यासाठीच असतं. २०१६ मध्ये पेट घेणाऱ्या गॅलक्सी नोट ७ परत घेण्याची मोहीम चालू असताना काही मालक फोन सोडेनात. शेवटी डिसेंबरमध्ये सॅमसंगने अमेरिकेत असा अपडेट सोडला, की फोन चार्जच होणार नाही. व्हेरायझन या मोबाईल कंपनीने आधी तो पुढे पाठवायला नकार दिला. सणाच्या दिवसांत प्रवासात असलेल्या माणसाचा एकुलता फोन बंद पडला तर त्याने काय करायचं, हा तिचा मुद्दा. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पिक्सेल ४ए या जुन्या फोनला पाठवलेल्या अपडेटने काही फोनची बॅटरी मुद्दामच कमी भरू लागली. कारण सुरक्षेचं होतं. बदल्यात नवी बॅटरी किंवा पैसे देऊ केले. तरी मालकाच्या दृष्टीने घडलं ते इतकंच: काल दिवसभर पुरणारा फोन आज दुपारी मान टाकतोय. विकत घेतलेली वस्तू आपल्या हातात असली तरी तिची एक किल्ली कंपनीकडेच राहते, हे अशा वेळी कळतं.

मग कालच कशी आली?

आता काकांच्या रेघेकडे. अमोलेड पडद्यात ठिपक्यांच्या हजाराहून अधिक उभ्या रांगा असतात. प्रत्येक रांगेला वीज पोचवणारी वाट वेगळी. या वाटा पडद्याच्या कडेला एका चिपशी जोडलेल्या असतात आणि ते जोड केसाहून बारीक. उष्णता, दमट हवा, मागच्या खिशातला दाब यांनी एखादा जोड सैल झाला की त्या रांगेला चुकीचा दाब मिळतो आणि ती कायमची पेटून राहते. इम्रानची स्क्रीनशॉटची युक्ती म्हणूनच अचूक. स्क्रीनशॉट घेतला जातो तो फोनच्या मेंदूतल्या चित्राचा, काचेवर दिसणाऱ्या चित्राचा नाही. मेंदूत रेघ नव्हतीच.

म्हणजे फांदी आधीपासून पोखरलेली. पण कावळाही अगदी निरपराध म्हणवत नाही. अपडेटनंतरचे ते काही तास फोन नेहमीपेक्षा जास्त तापतो. सुटायला आलेल्या जोडाला तेवढी ऊब पुरू शकते. महिन्याभराने उन्हात नकाशा लावून गाडी चालवताना जी रेघ यायची ती काल रात्रीच आली. 'कालच कशी आली' याचं उत्तर अपडेटमध्ये सापडतं, 'कशी आली' याचं पडद्यात.

आणि 'पडदा का कच्चा' याचं उत्तर कारखान्यात. अपडेटनंतर हिरवी रेघ आल्याची ओरड भारतात दोन-तीन वर्षं चालू होती. एकेकाला बाहेरून दाब पडला असेल, पाणी गेलं असेल, असं सांगून वाटेला लावणं सोपं होतं. ओरड वाढली तेव्हा आधी काही मॉडेलना विनामूल्य पडदे मिळू लागले. मग २०२४च्या अखेरीस वनप्लसने भारतात हिरव्या रेघेसाठी पडद्याला आजीवन वॉरंटी जाहीर केली. सोबत पडद्याच्या कडांचा जोड अधिक घट्ट केल्याचं आणि ८५ अंश सेल्सिअस उष्णतेत, ८५ टक्के आर्द्रतेत पडदे तपासत असल्याचं सांगितलं. दुखणं उष्णतेचं, दमटपणाचं आणि जोडाचं आहे, हे त्या उपायातूनच दिसतं. कोकण-गोव्याच्या किंवा मुंबईच्या हवेत फोन वापरणाऱ्याला ते वेगळं सांगायला नको.

सरकारी पातळीवरही हा विषय पोचला आहे. आयओएस १८ नंतर आयफोनच्या कामगिरीबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारी आल्या. त्या तपासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपलला नोटीस पाठवल्याचं ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केलं. नोटीस म्हणजे दोष सिद्ध झाला असं नव्हे, पण तिची सुरुवात १९१५ या क्रमांकावर केलेल्या साध्या फोनांतून झाली. तिथे न निभावलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही.

या सगळ्याचा अर्थ अपडेट घेऊच नयेत असा मात्र नाही. ज्या फोनमध्ये बँक, यूपीआय आणि आधार आहे त्याच्या कुलुपाची डागडुजी याच अपडेटमधून होते. मोठा अपडेट असेल, नावातला आकडाच बदलणारा, तर आठवडाभर थांबावं, इतरांचं काय होतंय ते बघावं. सुरक्षेचा मासिक अपडेट असेल तर रेंगाळू नये. दोन्ही वेळी आधी बॅकअप घ्यावा आणि शेवटच्या पाच टक्क्यांवर, भर उन्हात 'इन्स्टॉल' दाबू नये. तरीही बिघडलंच, तर शिव्या देण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: मॉडेल, अपडेटचा आकडा, तारीख आणि नेमकं काय होतंय. 'फोन बेकार झाला' या तक्रारीवर काही करता येत नाही. 'अमुक आकड्यानंतर ब्लूटूथ दर दहा मिनिटांनी तुटतं' ही तक्रार दुसऱ्या गावातल्या तशाच तक्रारीशी जोडता येते.

पंधरा दिवसांनी चार्जर घ्यायला पुन्हा त्या दुकानात गेलो. इम्रानने काकांचा फोन अजून उघडला नव्हता. "सर्व्हिस सेंटरला जायला सांगितलंय त्यांना," तो म्हणाला, "मी फोल्डर टाकला तर कंपनी नंतर हात वर करेल." मग त्याने लांबट वही उघडून माझ्याकडे फिरवली. तक्रारीच्या रकान्यावरून बोट खाली नेलं. 'चार्जिंग', 'माईक', 'पाण्यात पडला', 'अपडेट नंतर लाईन'. पान उलटलं. पुन्हा 'अपडेट नंतर लाईन'. पुढच्या पानावर आणखी एकदा. तिन्हींच्या समोर एकच मॉडेल.

"एक आला तर मीपण कस्टमरलाच सांगतो, काहीतरी आपटलं असेल," इम्रान म्हणाला. "तिसरा आला की मग वही मागे चाळून बघतो."

काकांना मी त्या पानांचा फोटो काढून पाठवला. सर्व्हिस सेंटरला जाताना दाखवायला.